बिनहातोड्याचं सागवान

सिडाम बाईंबद्दल मी चांगलंच लिहिणार आहे. हे आधी सांगून टाकतो, कारण मध्येच कुठं माझी लेखणी तिरकी चालली तर तो दोष माझा समजावा, बाईंचा नाही. माझी बायको उषा म्हणते, "तुमच्यानं होणार नाई. दोन ओळी झाल्या का तुमच्या पोटात दुखाले लागन." आता चौथी ओळ चालू आहे आणि दुखायला लागलं आहे, हे खरं.

मी चंद्रपूरला जंगलखात्याच्या एका ऑफिसात आरेखक आहे. नकाशे काढणं हे माझं काम. हल्ली नकाशे कॉम्प्युटरच काढतो, मी फक्त त्याच्यासमोर बसतो, त्यामुळे हाताची सगळी हौस मी घरी भागवतो. मला छोट्या गाड्यांचा नाद आहे. खेळण्यातल्या नव्हे. खोक्यात सुटे भाग येतात, प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले, शंभर-दीडशे बारीक तुकडे. ते एकेक कापायचे, घासायचे, रंगवायचे, जोडायचे, की खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाची गाडी उभी राहते. दरवाजे, इंजिन, आरसे, सगळं जिथल्या तिथं. पुण्या-बंगलोरकडे असले पुष्कळ नादिष्ट आहेत. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत मात्र मी एकटा होतो. एकटं असण्यात काय सुख असतं ते दुसरा येईपर्यंत कळत नाही.

बाईंची गाठ पडली ती आईच्या कवळीमुळे. आईनं भुईमुगाच्या शेंगा फोडायला कवळी वापरली आणि ती मधोमध तडकली. डॉक्टर म्हणाले, मागच्या गल्लीत सिडाम बाई आहेत, शहरातले निम्मे खोटे दात त्याच बनवतात, त्यांच्याकडे न्या. गेलो. एक लांबट खोली, टेबलावर प्लास्टरचे पांढरे जबडे रांगेनं मांडलेले, आणि एका स्टुलावर पन्नाशीच्या, ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या बाई. केसांत पांढरी भुकटी. ती वयाची की प्लास्टरची, हे मला कधीच नीट ठरवता आलं नाही.

त्या कवळी जोडत होत्या तेवढ्या वेळात मला गप्प बसवेना. मी मोबाईल काढला आणि माझ्या नव्या ट्रकचा फोटो दाखवला. हे मी सगळ्यांना दाखवतो. लोक "अरे वा" म्हणतात, पुढे सरकतात, माझं भागतं. बाईंनी हात पुसले, फोटो जवळ घेऊन पाहिला, मग लांब धरून पाहिला.

"ही गाडी कुठून आली?"

"जपानहून मागवली," मी छाती काढून सांगितलं.

"ते नाई. आता कुठून येऊन राह्यली म्हणते मी. भरून आली का रिकामी?"

माझी गाडी कुठूनच आली नव्हती. ती शोकेसमध्ये होती.

"भरून आली असन तर मागचे स्प्रिंगचे पाटे दबलेले पाह्यजे," बाई म्हणाल्या. "रिकामी असन तर मागून उचललेली पाह्यजे. ही नुसती उभी आहे." आणि कवळीकडे वळल्या.

घरी आलो, शोकेस उघडली आणि गाडीकडे पाहिलं. नुसती उभी होती. तीन महिने खपून केलेली गाडी, एका बाईनं एका वाक्यात उभी करून ठेवली. उषाला सांगितलं तर ती म्हणाली, "मंग, खरंच तर आहे." त्या रात्री मी जेवलो नाही असं ती लोकांना सांगते, ते खोटं आहे. कमी जेवलो.

बाईंना हे कुठून कळलं, ते पुढं हळूहळू समजलं. त्यांचे वडील आलापल्लीकडच्या रस्त्यावर जंगलाच्या तपासणी नाक्यावर होते. लाकडानं भरलेली गाडी आली की बांबूचा दांडा खाली, कागद पाहायचे, लाकडं मोजायची, मग दांडा वर. नाक्याला लागून एक खोली, तीत सगळं घर. मुलगी सकाळ-संध्याकाळ ओट्यावर बसून गाड्याच पाहायची, दुसरं पाहायला होतं काय तिथं. कोणती गाडी चढावर दमते, कोणाचा कुठला टायर नवा आहे, कोण खोटं बोलून राह्यला हे तिला गाडी थांबण्याच्या पद्धतीवरून कळायचं. मी त्या खात्यात वीस वर्षं नोकरी केली. सगळे नाके मला नकाशावर माहीत आहेत.

आता माझी चूक ऐका. मी उदार झालो. माझ्याकडे एक अर्धवट खोकं पडलं होतं, जुना बोनटवाला ट्रक, त्यातले काही भाग हरवलेले. ते मी बाईंना नेऊन दिलं. कापायचं कसं, घासायचं कसं, पहिला हात कोणत्या रंगाचा, सगळं समजावून सांगितलं. बाई मान हलवत राहिल्या, "हो सर, हो सर" म्हणत राहिल्या. मला फार बरं वाटलं. शिष्य मिळाला की गुरूला कसं वाटतं तसं. महिन्याभरानं गेलो तर गाडी जबड्यांच्या रांगेत सुकत ठेवली होती.

हरवलेले भाग बाईंनी बनवले होते. कवळीच्या हिरडीचं ते गुलाबी प्लास्टिक असतं ना, त्याचे. दात कोरायच्या सुईनं कोरून, घासून, वर रंग देऊन. परदेशातल्या बहुतेक गाड्यांचं स्टीअरिंग डावीकडे असतं, ते काढून उजवीकडे आणलेलं. मागं लाकडी फळ्यांचा डाला. आणि गाडी मळलेली होती. नुसती नाही, नीट मळलेली. चाकांवर लाल, डाल्याच्या कोपऱ्यात राखाडी. आणि ड्रायव्हरच्या दारावर, खिडकीपासून मागच्या बाजूला तिरकी गेलेली एक लालसर-तपकिरी रेघ.

"हे काय?"

"खर्रा," बाई म्हणाल्या. "चालत्या गाडीतून थुंकते ना तो. वाऱ्यानं मागं जाते. सरळ खाली आली रेघ तर समजाचं, गाडी उभी असताना थुंकला."

ज्याला आमच्याकडचं माहीत नाही त्याला सांगतो. सुपारी, तंबाखू, चुना घोटून खर्रा करतात, आणि तो खाल्ल्याशिवाय इथल्या ड्रायव्हरला रस्ता दिसत नाही. त्याच खर्र्यानं लोकांचे दात जातात आणि बाईंचं दुकान चालतं. म्हणजे ती रेघ त्यांच्या घरचीच होती. मला ती सुचली नसती. मी रोज त्या रेघा असलेल्या गाड्यांच्या मागून ऑफिसला जातो.

धूळसुद्धा बाईंची घरची. औषधाच्या रिकाम्या बाटल्यांमध्ये त्यांनी माती जमवली होती. एसटीनं कुठंही गेल्या की चिमूटभर माती पुडीत बांधून आणायच्या, खलात कुटायच्या, लुगड्याच्या चिंधीतून गाळायच्या. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी. घुग्गुसची काळी, मोहर्लीच्या वाटेवरची पिवळसर, खाणीकडची लाल. मी बाहेरून महागडी तयार धूळ मागवतो, तिच्या डबीवर 'युरोपियन डस्ट' असं लिहिलेलं आहे. त्या दिवसापासून ती डबी मी मागच्या फळीवर ठेवली.

आमचा नादिष्टांचा एक मोबाईलवरचा गट आहे. मी बाईंच्या गाडीचा फोटो त्यावर टाकला आणि लिहिलं, एका नवशिक्याचं काम आहे, दोष दाखवावेत. मनात होतं, हे लोक फाडून खातील. माझ्या दरवाजाच्या फटीवर त्यांनी एकदा चार दिवस वाद घातला होता. दोन तास कोणीच काही बोललं नाही. मग कोल्हापूरच्या एकानं विचारलं, हा मॉडेलचा फोटो आहे की खऱ्या गाडीचा चुकून टाकला? उषानं माझ्या खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, "जळा. आपल्या गावात कोळशाची काय कमी आहे."

बाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना कौतुक सांगायला गेलं की त्या अवघडायच्या आणि विषय दातांवर न्यायच्या. दातांवर मात्र बोलायच्या. त्यांचं एक ठरलेलं म्हणणं होतं, "कवळी नवी दिसली का बिघडली." साठीच्या माणसाला विशीचे दात लावले तर तो माणूस कवळीच्या मागं लपतो. म्हणून त्या एखादा दात जरासा वाकडा बसवायच्या, एखाद्याला पिवळी झाक द्यायच्या, कोणाला मधे बारीकशी फट.

एकदा माझ्यासमोरच एक म्हातारे आले, मूल गावाकडचे. त्यांना पांढरेशुभ्र दात पाहिजे होते, नातवाच्या लग्नात फोटो काढायचा होता. बाईंनी समजावलं, ते ऐकेनात. बाईंनी शुभ्र कवळी करून दिली. आठ दिवसांनी म्हातारे परत. खाली मान घालून म्हणाले, "बाई, घरचे हसून राह्यले. बुढी तं म्हणते, हा कोण पाहुणा आणला." बाईंनी कपाट उघडून दुसरी कवळी काढली. आधीच करून ठेवली होती. म्हाताऱ्याच्या मतदान कार्डावरचा फोटो पाहून, समोरच्या दातांतली फट जशीच्या तशी. म्हाताऱ्यानं ती लावली, आरशात पाहिलं आणि डोळे पुसले. बाई शुभ्र कवळी वाटीत टाकून धुवायला घेऊन गेल्या. म्हातारा खूश झाला यापेक्षा कवळी नीट बसली याचंच त्यांना जास्त वाटत होतं.

मी हे पाहिलं आणि मला काय वाटलं असेल? आनंद व्हायला पाहिजे होता. मला वाटलं, हिला एकदा तरी चुकताना पाहिलं पाहिजे.

आता मूळ गोष्ट. आलापल्लीकडे बाईंच्या वडिलांचा नाका होता, तो कधीचा मोडला. त्या जागेवर आमच्या खात्यानं एक माहिती केंद्र बांधलं. जुने हातोडे, करवती, सागवानाचे ओंडके, फोटो असं मांडायचं ठरलं. साहेबांच्या मनात आलं, मधोमध काचेची एक पेटी ठेवावी आणि तिच्यात सागवान वाहणारी जुनी गाडी असावी, छोटी. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "बोरकुटे, हे तुमचंच काम." मी घरी येताना पेढे घेऊन आलो.

दुसऱ्या दिवशी बाई माझ्या घरी आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. उषानं चहा केला, बाईंनी तो निवेपर्यंत हातात धरून ठेवला.

"सर, तिथी गाडी ठेवणार आहे म्हणे. बाबाच्या नाक्यावर."

"हो, विचार चालू आहे."

"माझ्यापाशी एक आहे. लाकडं भरलेली. बाबाच्या वेळची. दोन वर्षं झाले, करून राह्यले. कोणाले दाखवली नाई." मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "मी कधी काही मांगत नाई सर. तुम्ही साहेबाले सांगान का?"

मी म्हणालो, "पाहू." उषानं माझ्याकडे पाहिलं. गाडी मलाच करायची आहे, हे मी बाईंना सांगितलं नाही. ते त्यांना कळलं साहेबांच्या ऑफिसात, त्या शेवटी स्वतःच विचारायला गेल्या तेव्हा.

साहेब न्यायी माणूस. म्हणाले, दोन्ही गाड्या आणा, टेबलावर ठेवा, जी बरी ती घेऊ. मी दोन महिने सुट्ट्या काढून काम केलं. माझी गाडी स्वच्छ, सरळ, एकेक खिळा मोजून बसवलेला. मागं सागवानाच्या ओंडक्यांची भरती, प्रत्येक ओंडक्याच्या तोंडावर हातोड्याची खूण. हे समजून घ्यायला पाहिजे. झाड तोडलं, मोजलं, की लाकडाच्या तोंडावर खात्याचा हातोडा मारतात, त्याची खूण लाकडात उमटते. खूण असलेलं लाकूड कायद्याचं. बिनहातोड्याचं लाकूड चोरीचं, ते नाक्यावरून पुढं जात नाही.

मग बाईंनी त्यांची गाडी साहेबांच्या टेबलावर ठेवली. गाडी चढावर होती. म्हणजे टेबल सपाटच होतं, पण भार मागं दबलेला, पुढची चाकं जरा वळलेली, आणि तुम्हाला वाटावं की आत्ता गिअर पडणार. ओंडके खऱ्या सागाच्या फांद्यांचे, साल थोडी सोललेली, तोंडावर वर्तुळं अशी निघालेली की मोजून घ्यावी. सगळे दोरीनं आवळून बांधलेले. दोरीची गाठसुद्धा आमच्याकडचे हमाल मारतात तीच. बाई गाडी ठेवून बाहेर बाकावर जाऊन बसल्या.

साहेब खुर्चीतून उठले, वाकले, बराच वेळ वाकूनच राहिले. मला कळलं की माझी गाडी गेली.

आणि तेव्हाच मला दिसलं. ओंडक्यांवर हातोडा नव्हता. एकावरही नव्हता. नाकेदाराची मुलगी, आणि बिनहातोड्याचं सागवान.

बाहेर बाकावर जाऊन बाईंच्या कानात सांगितलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. त्यांच्या पिशवीत कोरणी असायचीच. मी बाहेर गेलो नाही. मी साहेबांना म्हणालो, "साहेब, गाडी चांगलीच आहे. पण लाकडावर हातोडा नाही. उद्या उद्घाटनाला मोठे पाहुणे येतील, कोणी बोट दाखवलं, तर आपल्याच केंद्रात चोरीचं लाकूड."

साहेब सरळ झाले. आमच्या साहेबांच्या मनात शंका शिरली की फाईल परत जाते, हे सगळ्या ऑफिसला माहीत आहे. तरी त्यांनी विचारलं, "दुरुस्त होईल का?"

"अवघड आहे साहेब," मी म्हणालो. "लाकडं चिकटवलेली आहेत."

दोरी माझ्या डोळ्यांसमोर होती.

माझी गाडी निवडली गेली. ऑफिसात लोकांनी हात मिळवले. घरी उषानं विचारलं, "आणि बाईची?" मी म्हणालो, तांत्रिक अडचण होती. त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं, आणि मी मागितलं नाही.

उद्घाटनाच्या आधीच्या रविवारी दुपारी बाई आल्या. मला वाटलं, भांडायला आल्या. मी मनातल्या मनात उत्तरं तयार केली. बाई म्हणाल्या, "सर, गाडी पाहू का एकदा? पेटीत गेल्यावर हात लावता येणार नाई."

मी गाडी समोर ठेवली. बाई बराच वेळ फिरवून पाहत राहिल्या. हातोड्याच्या खुणांवर बोट फिरवलं आणि मान हलवली, चांगल्या आहेत म्हणून. मग पिशवीतून दांडीचा छोटा गोल आरसा काढला, दातांचे डॉक्टर तोंडात घालतात तो, आणि खिडकीतून आत सरकवला. जरा तिरका केला. थांबल्या.

"सर, पायडल डावीकडंच राह्यले."

मला आधी कळलंच नाही. मग मीही आरशात पाहिलं. स्टीअरिंग वेगळा भाग असतो, ते मी उजवीकडे आणलं होतं. पण क्लच, ब्रेक, रेस हे पायडल केबिनच्या तळालाच ओतलेले येतात. ते मी विसरलो. माझ्या गाडीचा ड्रायव्हर उजवीकडे बसून स्टीअरिंग धरणार होता आणि त्याचे पाय शेजारी क्लीनरच्या जागी जाणार होते. सहा गाड्या मी अशा उजव्या केल्या होत्या. सहाही तशाच असणार. आजवर कोणी आत आरसा घातला नव्हता.

"पेटीला काच लागणार आहे बाई," मी म्हणालो. "कोण पाहते?"

"बाबा आधी केबिनमंदीच पाहत," बाई म्हणाल्या. "कंदील घालून. उघडू का?"

नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. बाईंनी पदर खोचला आणि उषाला वर्तमानपत्र मागितलं. पातळ चकतीनं खालून केबिनचा जोड कापला, इतका हळू की रंगाचा टवकासुद्धा निघाला नाही. तळाचे पायडल खरवडून काढले. गुलाबी प्लास्टिकचा एक कण घेऊन तीन नवे कोरले, काळे केले, उजव्या बाजूला बसवले. क्लच जरा झिजलेला दाखवला, कारण म्हणे घाटात क्लचवरच पाय राहतो. सगळं परत बंद केलं. मी समोर बसून दिवा धरला होता. तीन तास मी दिवाच धरला. त्या तीन तासांत बाईंनी हातोड्याचं नाव काढलं नाही, आणि मी काढू शकलो नाही. जाताना उषा त्यांना दारापर्यंत सोडायला गेली. परत येऊन म्हणाली, "काय बाप्पा माणूस आहे." कोणाबद्दल, ते मी विचारलं नाही.

उद्घाटन झालं. मांडव, हार, खुर्च्या, मसालेभात. पाहुणे काचेच्या पेटीपाशी आले आणि त्यांच्यातल्या एकानं हौसेनं मोबाईलचा उजेड खिडकीतून आत मारला. "अरे, आत पायडलसुद्धा आहेत. क्लच झिजलेला आहे बघा." सगळे वाकले. साहेब म्हणाले, "आमच्या बोरकुटेंचा हात आहे." टाळ्या वाजल्या. माईक माझ्या हातात आला, दोन शब्द बोला म्हणून.

बाई मागच्या रांगेत बसल्या होत्या, त्याही टाळ्या वाजवत होत्या. मी साहेबांचे आभार मानले, खात्याचे मानले, घरच्यांचे मानले. मग म्हणालो, "आणि सिडाम बाईंनी थोडी मदत केली."

थोडी. हा शब्द मी तेव्हाही ऐकला आणि अजूनही ऐकतो. माईकमधून तो जरा मोठाच वाटला होता.

लोक जेवायला गेले तेव्हा बाई पेटीपाशी एकट्याच उभ्या होत्या. मी गेलो. आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, हे मला कळत होतं.

"बाई, ते हातोड्याचं साहेबांना मीच..."

"माहीत आहे. गाडी परत देताना साहेबांनी सांगतलं." बाई काचेकडेच पाहत होत्या. "लाकडं चिकटवली आहेत असंबी सांगतलं म्हणे तुम्ही. मी त्यायच्यासमोर दोरी सोडून दाखवली. एक एक लाकूड हातात देल्लं. तं म्हणाले, आता मंजुरीचा कागद निघून गेला."

मी काचेवरचा नसलेला डाग रुमालानं पुसला.

"हातोडा राहूनच गेला होता माझा," बाई म्हणाल्या. "लाकडाचे तोंडं इतके सुंदर निघाले का मारूशीच वाटलं नाई. चूक ते चूक. बाबानं गाडी थांबवलीच असती."

"मग तुम्ही माझे पायडल काऊन नीट केले?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. मला खरंच राग आला होता त्यांचा. "साहेबांना एक शब्द सांगितला असता तर माझी गाडी बाहेर झाली असती, तुमची आत आली असती."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, एखाद्या रुग्णाचा जबडा पाहावा तसं, नीट, रागाशिवाय.

"गाडी तुमची होती सर. पण नाका माझ्या बाबाचा आहे. इथून खोटी गाडी कशी जाऊ द्याची?"

एवढंच सांगतो की मला त्या क्षणी लाज वाटायला पाहिजे होती, आणि ती वाटलीच, पण तिच्याही आधी हेवा वाटला. गाडी, धूळ, खर्र्याची रेघ, सगळ्याचा हेवा करून झाला होता. ज्याला हेवाच वाटत नाही अशा माणसाचा हेवा करायचा तेवढा राहिला होता.

बाई मसालेभात न खाताच निघाल्या, साडेतीनची बस होती. मी फाटकापर्यंत मागं गेलो. बस आली, थांबली. बाई चढल्या आणि मागं पुष्कळ जागा असूनही इंजिनाजवळच्या, अगदी पुढच्या सीटवर बसल्या. मी हात वर केला. बस हलली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चष्मा पुसून, मान पुढं काढून, त्या ड्रायव्हरच्या पायांकडे पाहत होत्या.